मान हलवणारी शेळी

शेळी मान हलवायची आणि गर्दी हात जोडायची. गोठ्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

महाराज बाटलीतलं तेल शेळीच्या अंगाला चोळत होते. शेळीच्या अंगात आलेल्या शक्तीचा झटका बसू नये म्हणून हातात रबरी हातमोजे. तेल लागलं की गोचिडी टपाटप गळायच्या.

"मालकिणीची पापं गळतायत!" महाराज गरजले. पापांना आठ पाय असतात, ही भर लोकांच्या ज्ञानात तेव्हाच पडली.

मालकीण म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची थोरली जाऊ. तिच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी होती. पोरीच्या तोंडून अजून एक शब्द फुटला नव्हता. आता तेच तेल तिच्या टाळूवर चोळायचं होतं. ते ऐकून डॉक्टरीणबाई हातातलं काम टाकून धावत आल्या होत्या.

"शक्तीमाते, ही बोलेल ना?" जावेने विचारलं. शेळीने मान हलवली.

"मीही विचारते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा माणूस भोंदू आहे ना गं?"

शेळीने तितक्याच भक्तिभावाने मान हलवली. कोणीतरी फिसकन हसलं.

डॉक्टरीणबाईंनी शेळीचे डोळे पाहिले. बाहुल्या आकसलेल्या, तोंडातून लाळेची धार. बाटलीचा वास घेतला आणि त्यांचं डोकंच फिरलं. "हे फवारणीचं कीटकनाशक आहे! गोचिडी मेल्या त्यानेच, आणि शेळीची मान हलतेय तीही त्यानेच. कातडीतून आत जाऊन तिच्या मेंदूवर चढलंय. शक्तीबिक्ती काही नाही."

"तेलाआधी आम्ही एक गोळी देतो, तिच्यात अँटिऑक्सिडंट आहे," महाराज तोऱ्यात म्हणाले. "मेंदूला कवच!"

"अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालात! प्रयोगात उंदरांना विषासोबत ते दिलं, तेव्हा मेंदूची हानी थोडी कमी झाली. टळली नाही. म्हणून लेकराच्या डोक्यावर विष ओतायचं? इतका भरवसा आहे ना, काढा मोजे, खा गोळी आणि चोळा स्वतःच्या टकलाला."

महाराजांनी बाटलीकडे पाहिलं, मग दाराकडे. टक्कल कोरडंच घेऊन ते सटकले. शक्तीचे भक्त जोडलेले हात हळूच खाली घेऊ लागले.

डॉक्टरीणबाईंनी शेळीला इंजेक्शन दिलं, मोजे चढवून साबणाने धुतलं. ती जगणार होती. मान हलायची थांबेल की नाही, ते मात्र सांगता येत नव्हतं.

जावेचे डोळे भरून आले. "हिने एकदा 'आई' म्हणावं, एवढंच वाटलं गं मला."

"उद्या सकाळी हिचे कान तपासून घेऊ, जाऊबाई. हिला ऐकूच येत नसेल, तर बोलणार कशी? हे आधी विचारायचं असतं, आणि ज्याला उत्तर देता येतं त्याला विचारायचं असतं. शेळीला नाही."