नॉकबेगच्या घोडीचा भाव

सरकारने बँकांची बुडीत कर्जे जनतेच्या माथी मारली, त्याच वर्षी डिम्पना हॅनरॅटीला बुकी होण्यासाठी सचोटीचा दाखला आणावा लागला. वर्तमानपत्रांत जाहीर सूचना, मग पोलीस अधीक्षकांची सही, वर करखात्याचा शेरा. बँका बुडवणाऱ्या सद्गृहस्थांकडे असा कागद कोणी मागितल्याचे ऐकिवात नव्हते.

बेटिंगच्या दुकानात बावीस वर्षे काउंटर सांभाळल्यावर दुकान बंद झाले आणि तिच्या हाती सतरा हजार युरो पडले. थोडे कर्ज मिळाले तर बरे, म्हणून ती बँकेत गेली.

"जुगाराला आम्ही पैसे देत नाही, बाई," व्यवस्थापक म्हणाला. हे वाक्य त्याने न हसता उच्चारले, याचे तिला कौतुक वाटले.

घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची नऊ नंबरची जागा मॅलकी टूही या म्हाताऱ्या बुकीने तिला नऊ हजारांना विकली. परवाना, आकड्यांचा फलक, चिठ्ठ्यांचे यंत्र आणि छत्री यांत दोन हजार गेले. उरलेले सहा हजार चामडी पिशवीत. पहिल्या दिवसाअखेर पिशवीत दोन हजारांहून कमी उरले, तर जागा विकून मोकळे व्हायचे, हे तिने आधीच ठरवले होते.

"घोड्यावर जीव लावू नकोस," मॅलकी शेजारी खुर्ची टाकून बसत म्हणाला. "लोकांचे पैसे सगळ्या घोड्यांवर विखुरले पाहिजेत. एकाचे दुसऱ्याला द्यायचे, मधला चुरा आपला."

"काका, बावीस वर्षं तेच केलंय मी."

"दुसऱ्याच्या पैशाने केलंस, पोरी."

पहिल्या दोन शर्यतींत साडेतीनशे गेले. तिसरीत नॉकबेगची, म्हणजे तिच्याच गावची, घोडी धावणार होती. डिम्पनाने एकास सहा असा भाव लावला आणि अख्खे नॉकबेग तिच्यापुढे रांगेत उभे राहिले. त्या गावात कोणी दुकान काढले की पहिल्या दिवशी सगळ्यांनी भवानी करायची, हा अलिखित नियम. खाटकाकडून मटण घ्यावे तसे त्यांनी तिच्याकडून घोडी घेतली. दहा, वीस, पन्नास. "तुझ्यासाठी हो, डिम्पना!" म्हणत प्रत्येकाने त्याच घोडीवर पैसे लावले.

बघता बघता सातशे झाले. इतर सगळ्या घोड्यांवर मिळून नऊशे. घोडी जिंकली तर लावलेल्या पैशांसकट एकोणपन्नासशे द्यावे लागणार होते आणि रांग अजून संपली नव्हती.

"भाव पाड," मॅलकी पुटपुटला.

"गावातली माणसं आहेत."

"म्हणूनच तर तुला बुडवतायत. परका इतकं प्रेम कुठून आणणार?"

पुढे तिचा दीर फिन्टन आला. हातात नोटांची गड्डी. "नऊशे, वहिनी. दारूच्या गुत्त्यातल्या सगळ्यांनी वर्गणी काढलीय तुझ्यासाठी."

आधीच्या एकोणपन्नासशेवर आणखी नऊशे गुणिले सहा. इतके पैसे पिशवीत नव्हते. तिने मान खाली घातली आणि फलकावरचा सहा पुसून तिथे तीन आणला.

रांगेतल्या माना फलकाकडे वळल्या.

"आमच्याच घोडीला तीन?" फिन्टन म्हणाला. "तो शहरातला बुकी बघ, साडेपाच देतोय. दादा असता तर लाजला असता."

"मग त्याच्याकडे जा, भावोजी."

तो गेला. त्याच्यामागून उरलेली रांगही गेली. एकास तीन या नव्या भावाने कोणा परक्याने तेवढे शंभर लावले.

घोडी दोन लांबींनी जिंकली.

डिम्पनाने प्रत्येकाच्या हातावर पैसे मोजून ठेवले. कोणी आभार मानले नाहीत. शहरातला बुकी मोठा होता; त्याने फिन्टनचे पैसे चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता चुकते केले. गड्डी खिशात कोंबत फिन्टन पुन्हा तिच्यासमोर थांबला.

"तुझा गावावर विश्वासच नव्हता, वहिनी."

"घोडीवर होता. म्हणून तर भाव पाडला."

पिशवीत दोन हजार पन्नास उरले होते. उरलेल्या शर्यतींत तिने छोटेच पैसे घेतले आणि संध्याकाळी तोच आकडा तीसने वाढलेला होता.

रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसले नाही. पुढच्या शर्यतींच्या दिवशी नॉकबेगचे एकही माणूस नऊ नंबरकडे फिरकले नाही. आले ते परके, आणि प्रत्येकाला वेगळाच घोडा आवडला होता; पैसे आपोआप सगळ्या घोड्यांवर विखुरले. मॅलकीने खुर्ची उचलली.

"आता माझं इथे काम नाही," तो म्हणाला.