नेहमीचीच ट्यूब

नीलानं ट्यूब डायनिंग टेबलावर आपटली. ती घरंगळत जाऊन उल्हासच्या पंच मशीनला अडली.

"पुन्हा हीच आणलीत?"

"डॉक्टरांनीच दिली." उल्हासनं चिठ्ठीच्या कडा जुळवल्या, दोन भोकं पाडली आणि फाइल उघडली. "फंगल इन्फेक्शन आहे म्हणाले. नेहमीचंच."

"कोणाला म्हणाले? मी तर शाळेत होते."

या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे, ते उल्हासला कळलंच नाही. दर शनिवारी तो दोघांची कार्डं घेऊन सरकारी दवाखान्यात जायचा, लाइनीत उभा राहायचा आणि तिचीही दुखणी स्वतःच सांगून यायचा. नीलाचा गुडघा, नीलाचा थायरॉइड आणि मार्चपासून नीलाचं हे असलं दुखणंसुद्धा. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता तो. ज्याचं प्रकरण आहे त्याला समोर बोलवायची तिथे कोणालाच सवय नसते.

नीलाला खरी चीड आली होती ती स्वतःची. शाळेत ती बेचाळीस मुलांना गणित शिकवायची. उत्तर जुळत नसेल तर पहिली पायरी तपासा, हे सांगून सांगून तिचा घसा बसायचा. आणि इथे तीन ट्यूब संपल्या, उत्तर काही जुळेना, तरी बाईसाहेब चौथीची वाट बघत बसल्या होत्या.

"अहो, खाज नाहीच आहे मला. ओटीपोटात दुखतंय. पिवळट जातंय. किती वेळा सांगू?"

"अच्छा. मग पुढच्या शनिवारी तसं सांगतो."

"तुम्ही काही सांगू नका!"

उल्हासनं चष्म्यावरून पाहिलं. "एवढं चिडायला काय झालं? लाव आठ दिवस. बरं वाटेल." आणि त्यानं फाइल कपाटावर ठेवून दिली. त्या फाइलला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही असा घरात नियम होता, क्रम बिघडतो म्हणून. कागद फेकणं त्याच्या हातून व्हायचंच नाही. स्कूटर विकून बारा वर्षं झाली होती, तिच्या पोल्यूशनची सर्टिफिकेटं अजून तारीखवार लावलेली होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर नीला परस्पर दुसऱ्या सेक्टरमधल्या डॉक्टर अलकांकडे गेली. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत भेटेल अशी मराठी डॉक्टर तिला नकोच होती.

डॉक्टर अलकांनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "यह किसने लिखी? आपको देखा किसने था?"

"देखा किसीने नहीं. हस्बंड जाके बताते हैं."

"कमाल है! चार ट्यूब, और देखा किसीने नहीं?"

त्या इतक्या वैतागल्या की नीलाला बरंच वाटलं. तपासता तपासता त्यांनी सगळं फोड करून सांगितलं. यीस्टचं असेल तर बहुतेक वेळा जीव नकोसा करणारी खाज सुटते, दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जातं आणि वास असा येत नाही. त्याला ही ट्यूब चालते. पण पिवळट जाणं, ओटीपोटात दुखणं, जवळ आल्यानंतर रक्ताचा डाग पडणं, हे काही यीस्टचं वागणं नव्हे. आणि नुसतं ऐकून काय, नुसतं बघूनही खात्री देता येत नाही. नमुना तपासायलाच हवा.

गुरुवारी रिपोर्ट आला.

"क्लॅमिडिया है. बॅक्टेरिया. यह संबंध से ही आता है."

"मेरी शादी को चोवीस साल हो गये," नीला म्हणाली, डॉक्टरांचीच बेरीज चुकल्यासारखी.

"रिपोर्ट यह नहीं बताती कि कब आया, किससे आया. कई बार महीनों पता ही नहीं चलता." डॉक्टरांचा आवाज उतरला. "गोली से ठीक हो जाएगा. पर दोनों को साथ में लेनी है, नहीं तो फिर वही चक्कर. हस्बंड को किसी दवाई की ॲलर्जी?"

नीलाला सांगता येईना. तिच्या थायरॉइडची गोळी किती मायक्रोग्रॅमची, ते उल्हासला पाठ होतं. तिला त्याचं काहीच माहीत नव्हतं.

"पुराने पर्चे देखकर फोन कर दीजिए."

ई-रिक्षात बसून ती वाक्यं जुळवत राहिली. कसं विचारायचं? लग्नाआधीचं काही असेल का? इतकी वर्षं असं आत राहू शकतं का? तो दुखावला तर? मग तिचं तिलाच हसू आलं आणि लगोलग संताप. माणसाला अजून काही विचारलंही नव्हतं आणि ही त्याच्या वतीनं सबबी शोधत होती.

उल्हास ऑफिसातून यायचा होता. नीलानं स्टूल घेऊन फाइल खाली काढली. निळ्या पुठ्ठ्यामागे त्याचे कागद होते. आधी ब्लडप्रेशर, मग चष्म्याचा नंबर. ॲलर्जीचा कुठे उल्लेख नव्हता. तिसरा कागद गुरुग्रामच्या एका खासगी क्लिनिकचा होता, अकरा फेब्रुवारीचा. त्यावर डॉक्टर अलकांनी दिलेल्याच गोळ्यांचं नाव होतं. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. खाली डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं, पत्नीलाही हेच औषध, दोघांनी एकाच वेळी.

फेब्रुवारीत उल्हास आठवडाभर हॉलमध्ये झोपला होता. पाठ धरली म्हणाला होता. रोज रात्री गरम पाण्याची पिशवी तीच भरून देत होती.

आणि तिची पहिली ट्यूब मार्चची होती.

लॅच वाजलं. एक बूट काढता काढता उल्हासची नजर टेबलावर गेली.

"अगं, फाइल कशाला काढलीस? क्रम बिघडतो."

"नाही बिघडवला." नीलानं पर्समधून आपला रिपोर्ट काढला, कडा जुळवल्या आणि पंच मशीन दाबलं. "तुमच्यात लावतेय. फेब्रुवारीच्या कागदावर."

उल्हास दुसरा बूट काढायचं विसरला. फाइलकडे त्याचा हात गेला नाही.

नीलानं ग्लासात पाणी ओतलं, नव्या पाकिटातली पहिली गोळी घेतली आणि पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.

"डॉक्टरांनी विचारलंय," ती म्हणाली, "मागच्या वेळी तुम्हाला या गोळ्यांचा काही त्रास झाला होता का?"