शेवटची वीत

मी जगातल्या सव्वीस गोल्फ कोर्सवर खेळलो आहे आणि त्यातल्या एकानेही मला पुन्हा बोलावलेलं नाही. त्यात त्यांचा तोटा आहे, असं मी मानतो.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना जवळचं आणि लांबचं स्वच्छ दिसावं यासाठी मी पस्तीस वर्षं झिजलो आणि त्यातून जे उरलं ते गोल्फवर घालवलं. वाळवंटातल्या एका कोर्सवर गवताचं पातं नाही. तिथे हिरव्या सतरंजीचा हातभर तुकडा काखेत मारून हिंडायचं, बॉल पडेल तिथे तो अंथरायचा, वर बॉल ठेवायचा आणि मारायचा. मी तिथे अठरा होल चौऱ्याऐंशी फटक्यांत संपवले. डोंगरावरच्या एका कोर्सवर हवा इतकी विरळ, की बॉल नेहमीपेक्षा वीस पावलं लांब जातो. त्याच्या मागे जाणारा माणूस मात्र दर दहा पावलांनी कमरेवर हात ठेवून निसर्ग बघत उभा राहतो. तिथे शहाऐंशी. समुद्रकाठच्या एका जुन्या कोर्सवर मी मारलेला बॉल वाऱ्याने उचलून पुन्हा माझ्याच पायाशी आणून ठेवला, आणि बंकर म्हणतात त्या वाळूच्या खड्ड्यात बसलेल्या मेंढीने उठायला साफ नकार दिला. तरीही ब्याऐंशी.

हे आकडे मला तोंडपाठ आहेत. घरच्यांनाही आहेत, त्यांचा नाइलाज होता.

याच समुद्रकाठच्या परदेशी कोर्सवर आमच्या क्लबचा ज्येष्ठांचा संघ दोन वर्षांनी एकदा खेळायला जातो. संघ चौघांचा. तिघांची निवड झाली होती: दातांचे डॉक्टर, विमावाले आणि छपाईवाले. हे तिघे आणि मी अशी आमची चौकडी तीस वर्षं दर शनिवारी एकत्र खेळते. त्यांची निवड कशी झाली हे विचारू नये, तिघेही समितीवर आहेत. चौथी जागा माझीच, हे मी धरूनच चाललो होतो. पण त्या जागेसाठी आणखी एक अर्ज आला. तो माझ्या व्याह्यांचा होता.

माझ्या मुलाने त्यांच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा सुनेबरोबर हेही आमच्या वाट्याला आले. निवृत्त भूमापक. आयुष्यभर जमिनी मोजल्यामुळे माणूस अंदाजाने काहीच करत नाही. आमच्याकडे जेवायला आले तरी खुर्ची भिंतीपासून ठरावीक अंतरावर सरकवून मगच बसतात. गोल्फ एकटेच खेळतात, नियमांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून. देशाबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही.

समितीने फर्मान काढलं: रविवारी सकाळी दोघांनी एकत्र खेळावं, याच्या फटक्यांचं कार्ड त्याने लिहावं, त्याचं याने, ज्याचे फटके कमी तो जाईल.

निघताना बायको म्हणाली, "हरलात तर तोंड पाडून बसू नका. संध्याकाळी व्याही-विहीण जेवायला यायचेत."

"हरण्याचा प्रश्न येतो कुठे?"

"तेच म्हणते मी. आलेला प्रश्न तुम्हाला कधी दिसलाय?"

आता आमच्या चौकडीची एक रीत सांगायला हवी. बॉल होलच्या अगदी जवळ येऊन थांबला, की बाकीच्यांपैकी कुणीतरी म्हणतो, "दिला!" म्हणजे हा काय, आता जाणारच, मारलास असं समजून एक फटका धर, बॉल उचल आणि चल. सुरुवातीला हे अंतर वीतभर होतं. पुढे वय वाढलं तसं ते हातभर झालं. विमावाल्यांच्या कमरेत चमक भरली त्या वर्षी ते दोन हातांवर गेलं आणि नंतर मागे घ्यायचं कुणाला सुचलं नाही. परदेशातही आम्ही चौघेच एकत्र खेळायचो, त्यामुळे ही रीत आमच्याबरोबर सगळीकडे गेली.

व्याही पहिल्या सहा होलवर एक शब्द बोलले नाहीत. मी बोललो. वाळवंटाबद्दल, डोंगराबद्दल, मेंढीबद्दल. मी चांगला खेळत होतो आणि चांगला खेळणाऱ्या माणसाने गप्प बसणं मला बरं दिसत नाही. इथे 'दिला' चालत नाही, सगळे बॉल होलमध्ये घालायचे, हेही माझ्या नीट ध्यानात होतं.

सातव्यावर मात्र मी लांबून एक झकास बॉल मारला. तो ग्रीनच्या, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, उतारावरून वळत वळत आला आणि होलपासून वीतभरावर थांबला. सवयीने हात खाली गेला. मी बॉल उचलून खिशात टाकला आणि आठव्या होलकडे चालू लागलो. माझं बोलणंही चालूच होतं.

आठव्यावर मी बॉल ठेवला, काठी उचलली. मागे खाकरल्याचा आवाज आला.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "तुमचा सातवा अजून संपलेला नाही."

"म्हणजे?"

"बॉल आत गेला नाही. तुम्ही तो उचललात. आता इथून मारलंत, तर बाद."

मी काठी खाली घेतली. बाद होण्याहून पुढचा विचार वाईट होता. हा माणूस नुसता गप्प राहिला असता, तर चौथी जागा त्याची होती.

"सांगितलंत कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही बाद झाला असतात."

"तेच म्हणतोय!"

"मग मी कुणाबरोबर खेळलो असतो?" ते म्हणाले आणि सातव्याकडे परत चालू लागले.

मागून येणाऱ्या जोडीला थांबवून मी बॉल जागेवर ठेवला. उचलल्याबद्दल एक फटका दंड. मग त्या वीतभर अंतरासमोर उभा राहिलो. गवत एका बाजूला जरा झुकलेलं होतं. होलच्या कडेला एक बारीक उंचवटा होता. असल्या गोष्टी तिथे असतात हेच मला नवीन होतं. मी बॉलला हलकेच ढकललं. तो कडेपर्यंत गेला, आत डोकावला आणि बाजूने निघून गेला.

मागच्या जोडीतला एकजण अगदी मनापासून म्हणाला, "अरेरे."

त्यानंतर मी बोललो नाही. प्रत्येक वीतभराला वाकलो, बघितलं, मारलं. काही गेले, काही नाही गेले. आणि गंमत म्हणजे मला मजा येऊ लागली. तीस वर्षं आपण जेवून उठतोय आणि शेवटचा घास कुणी दुसराच खातोय, असं काहीसं ते होतं.

अठराव्यावर माझे एक्क्याण्णव झाले. व्याह्यांचे एकोणनव्वद झाले होते आणि त्यांचा बॉल होलपासून हातभर. गेला तर जागा त्यांची, हुकला तर बरोबरी. क्लबच्या व्हरांड्यात चौकडीतले तिघे चहाचे कप हातात घेऊन उभे होते. व्याही चवड्यांवर बसले, एक डोळा मिटून जमीन न्याहाळली, उठले, काठी मागे नेली.

आणि माझ्या तोंडून निघालं, "दिला!"

व्हरांड्यात डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. व्याही थांबले. वळून माझ्याकडे बघत राहिले.

"चुकून निघालं," मी म्हणालो. "उचलू नका हं, बाद व्हाल."

"मला माहीत आहे."

"मुद्दाम नाही म्हणालो. आईशप्पथ."

"तेही माहीत आहे." त्यांनी काठीचं टोक रुमालाने पुसलं. "एवढ्या वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं."

मग ते पुन्हा बसले, पुन्हा डोळा मिटला, आणि बॉल सरळ आत घातला.

एका फटक्याने गेलो. मी त्यांच्या कार्डावर नव्वद लिहून सही केली, त्यांनी माझ्या कार्डावर एक्क्याण्णव. हा माझ्या आयुष्यातला पहिला खरा आकडा होता. दिसायला तो ब्याऐंशीपेक्षा भारदस्त आहे.

संध्याकाळी जेवण झाल्यावर व्याह्यांनी वही उघडली. विहीणबाई आणि बायको आतल्या खोलीत गेल्या, कारण पुढचं त्यांना पाठ होतं.

"तिथला पहिला होल?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे धरा. वारा उजवीकडे नेतो."

"चौथा?"

"बंकरमध्ये मेंढी असेल. तिच्याशी वाद घालू नका."

त्यांनी मेंढीचीही नोंद केली. "बरं. चौथ्याचं ग्रीन?"

"मागून पुढे उतरतं."

"आणि अगदी होलजवळ? शेवटची वीत कुठे वळते?"

मी डोळे मिटून तिथलं ग्रीन आठवू लागलो.

"आठवत नाही?"

"आठवायला बघितलेली पाहिजे ना," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी कागद घेतला. सव्वीस कोर्स, प्रत्येकी अठरा होल: चारशे अडुसष्ट. पाच-पन्नास बॉल लांबूनच आत गेले असतील, ते सोडले. बाकी सगळ्या ठिकाणी मी गेलो होतो, विमानं बदलून, पाय सुजवून, आणि वीतभर अलीकडून परत आलो होतो. माणसाला लाज वाटावी असा हा आकडा होता. मला उलट हुरूप आला. एवढं सगळं अजून बघायचं बाकी आहे, हे या वयात किती जणांना म्हणता येतं?

मी व्याह्यांना फोन लावला.

"तिथे काठ्यांची बॅग ओढायला माणूस लागतो. मी येतो."

"तुम्ही? तुम्ही मुलाकडचे. मुलीच्या बापाची बॅग ओढणार?"

"ओढणार. प्रत्येक होलवर तुमच्याबरोबर वाकून बघणार. आणि तुमचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी थांबायचं. मी खेळेन, तुम्ही कार्ड लिहा."

"बॅग जड आहे."

"आज सकाळभर बघितली."

"आणि मी मारताना बोललेलं चालणार नाही."

"प्रयत्न करीन."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "खिडकीजवळची जागा मला लागेल. मी विमानात अजून बसलेलो नाही."

मी त्यांना लगेच सांगितलं, की पंखाच्या बरीच मागची घ्या, पंखावरून खाली काही दिसत नाही. या बाबतीत माझा अनुभव पक्का आहे.