सखुबाईचे हात आणि रात्रीची गोळी

कोलशेत गावात कुणाच्या घरी हळद असली, की तांदळाच्या भाकऱ्यांची पहिली चूल सखुबाईची. हे इतकं ठरलेलं होतं, की तिला कुणी वेगळं बोलावतही नसे. हाताला पाणी लावून दोन तळव्यांवर फिरवत ती भाकरी तव्याएवढी मोठी करी, आणि ती कुठे चिरत नसे. म्हणून चुलतपुतण्या नयनच्या हळदीची बोलणी चालली असताना, यंदा पहिल्या चुलीवर रतनला बसवा, असं ती स्वतःहून म्हणाली, तेव्हा अंगणातल्या बायकांना ते खरंच वाटेना.

रतन तिची धाकटी जाऊ. त्या चुलीवर तिचा कधीपासून डोळा होता, पण ती अशी आयती पदरात पडल्यावर तीही गोंधळली.

खरं कारण सखुबाईने कुणाला सांगितलं नाही. मुलगा प्रफुल्ल वागळे इस्टेटमध्ये कामाला. त्याच्या कंपनीत घरच्यांची तपासणी झाली, त्यात तिचं कोलेस्टेरॉल जास्त निघालं आणि रात्रीची एक गोळी सुरू झाली. त्यानंतर काही दिवसांनी दंड नि मांड्या भरून यायला लागल्या. बसलं की उठताना भिंत धरावी लागे. एका दुपारी घरात कुणी नसताना तिने भाकरी करून पाहिली. निम्म्यावर हात गळले, भाकरी फाटली. तिने ती कोंबड्यांना टाकली आणि आपले हात आता संपले, असं मनाशी ठरवून टाकलं. गोळीचा संशय तिला आलाच नाही. गोळी हृदयासाठी, तिचं हातापायांशी काय काम?

संशय आला तो सून कल्पिताला. अंगात ताप असतानाही चूल न सोडणारी सासू आज चूल देऊन टाकते म्हणजे काहीतरी बिनसलंय, म्हणून ती तिला डॉक्टर मृणालकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना सारखंच दुखतं का, कधीपासून, लघवीचा रंग गडद आहे का, असं सगळं विचारलं आणि स्नायूंसाठी रक्ताची एक तपासणी करायला लावली. आकडा थोडा वर होता, धोक्याचा नव्हता. काही लोकांना या गोळीने स्नायू दुखतात, त्या म्हणाल्या. सध्या ती बंद ठेवू, मग दुसरी, कमी डोसची देऊ. पण मनाने औषध सोडायचं नाही.

सखुबाईने एवढंच विचारलं, "म्हंजे या म्हातारपन नाय?"

"गोळीमुळे वाटतंय. बंद करून दुखणं थांबलं, तर नक्की."

सखुबाईचा चेहरा असा खुलला, की डॉक्टरही हसल्या. "साइड इफेक्ट म्हटलं की पेशंट माझ्याशी भांडतात, आजी. तुम्ही तर पेढे वाटाल."

दुखणं हळूहळू ओसरलं. नवी गोळी सुरू झाली, तरी रोज सकाळी ती भरलेली कळशी उचलून दंड तपासून बघे. काही दुखत नव्हतं. अडचण एकच उरली होती. चूल तिने सगळ्यांसमक्ष देऊन टाकली होती.

हळदीच्या दुपारी रतन पहिल्या चुलीपुढे पदर खोचून बसलेली होती.

"उठ रतन, ती पयली गोळी सोडली न् माजे हात परत आलं," सखुबाई म्हणाली.

"मी नाय उठायची. माहेरी पन सांगून बसलंय."

"मग सरक."

रतन सरकली. सखुबाईने पिठाचा गोळा घेतला. ती थापू लागली, रतन भाजू लागली. भाकरी फिरत फिरत मोठी झाली, कुठे चिरली नाही. ते बघून रतन हळूच म्हणाली, "त्या पयल्या गोळीचं नाव मना पन लिहून दे."

"तुला कशाला?"

"घ्यायची, न् सोडून द्यायची. माजे पन गुडघे दुखतान."

सखुबाईला हसू आवरेना. हातातली भाकरी कलली आणि एका बाजूने लांबट झाली. रतनने ती तशीच तव्यावर टाकली.