दारातली गोपद्मं

चातुर्मासात रोज सकाळी तेहतीस गोपद्मं काढायची, असं माझं व्रत आहे. गोपद्म म्हणजे रांगोळीनं काढलेलं गाईचं पाऊल. पाच वर्षं करायचं असतं, यंदाचं माझं पाचवं. ती काढून पूजा आटोपेपर्यंत मी बोलत नाही. तशीही मी कमीच बोलते. यजमान गमतीनं म्हणायचे, "तुझं मौन सुटलं कधी नि लागलं कधी, देवालासुद्धा कळत नसेल."

ते गेले आणि घर खायला उठलं. तेव्हा मागच्या गल्लीतल्या, मला ‘आपा’ म्हणजे ताई म्हणणाऱ्या सगीराभाभींनी हाताला धरून मला रविवारच्या बैठकीला नेलं. क्रांती चौकाजवळ एका क्लासच्या खोलीत दहाबारा माणसं जमायची. एसटीतून निवृत्त झालेल्या अप्पारावांनी ती सुरू केलेली. मूर्ती नाही, प्रवचन नाही. एकानं आपल्या धर्मातलं काहीतरी वाचायचं, मग थोडा वेळ शांत बसायचं आणि शेवटी प्रत्येकानं आठवड्यातली एक गोष्ट सांगायची, जिच्याबद्दल आभार मानावेसे वाटले. अप्पा म्हणायचे, "ज्याला ज्याचं नाव घ्यायचं त्यानं घ्यावं. ज्याला कुणाचंच घ्यायचं नाय, त्यानं गप बसावं. गप बसणं बी प्रार्थनाच हाय." पहिल्याच दिवशी मला वाटलं, ही तर आपलीच जागा.

या श्रावणात शहरात वातावरण बिघडलं. कुठं दगडफेक झाली, दुकानं बंद, मोबाइलचं नेट बंद. क्लासवाल्यानं किल्ली परत मागितली. "काही दिवस नको," एवढंच म्हणाला. त्याला तरी काय बोलणार?

अप्पा माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "सरिताबाई, हा रविवार चुकला की संपलं बघा. एकदा भीती बसली की माणूस परत येत नाय."

"माझ्याकडे घ्या," मी म्हणाले. कशी म्हणाले कोण जाणे. अप्पांनी सायकलवर फिरून घरोघरी निरोप दिला : रविवारी नऊ वाजता, सरिताबाईंकडं.

एरवी माझी गोपद्मं तुळशीपुढं एका पाटाएवढ्या जागेत मावतात. पण त्या रविवारी मला इतका आनंद झाला होता की पहाटेच अंगण धुतलं आणि फाटकापासून घराच्या दारापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हातभर मोठी तेहतीस पावलं काढली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. माणसं यायची आहेत, त्यांना प्रसन्न वाटावं. पूजा आठपर्यंत आटोपणार होती. मग माणसांना बाजूनं कसं आणायचं ते बघू, असं मनात होतं. म्हणजे खरं तर काहीच मनात नव्हतं.

दहापासून रस्त्यावर पोलीस बंदोबस्त लागणार, असं कुणीतरी सांगितलं म्हणून माणसं पावणेआठलाच आली. नेट बंद असल्यानं मेसेज टाकायची सोय नव्हती, नि पूजेत मी फोन उचलत नाही. मी आत देवापुढं, हातात निरांजन. खिडकीतून फाटक दिसत होतं, तिथलं बोलणंही ऐकू येत होतं. सगीराभाभी, त्यांचे यजमान मोहियोद्दीनभाई, नर्स असलेली सोनिया आणि मागं अप्पा. सगळे फाटकाबाहेर उभे.

सगीराभाभींनी खाली बघितलं आणि पाऊल मागं घेतलं. मागच्या वर्षी मीच त्यांना सांगितलं होतं, गोपद्मावर पाय पडू द्यायचा नसतो.

"पूर्ण अंगण भरलंय," त्या हळूच म्हणाल्या. "आज आपाकडं काही मोठी पूजा दिसते. आपण नको."

"बोलवून विसरल्या का काय?" सोनिया म्हणाली.

"विसरल्या नसतील," मोहियोद्दीनभाई म्हणाले. "मन बदललं असंल. बदलतं माणसाचं. दिवसच तसे आलेत. चला."

अप्पांनी सायकल वळवली.

माझी आरती अर्धी झाली होती. मी निरांजन खाली ठेवलं आणि ओरडले, "भाभी, जाऊ नका!"

इतका मोठा आवाज माझ्या घशात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या आवडाबाई भिंतीवरून डोकावल्या. "अगं बाई! सरिता ओरडली? पूजा आटपायच्या आधी?"

मी दारात गुडघे टेकले आणि पदरानं पावलं पुसायला लागले. दारापासून फाटकापर्यंत, एक माणूस चालेल एवढी वाट.

"आपा, नका ना!" सगीराभाभी फाटकाला धरून म्हणाल्या. "पाचवं वर्ष आहे तुमचं. आमच्यासाठी मोडू नका."

"मोडत नाही. पुसलेली उद्या जास्तीची काढीन. तुम्ही गेलात तर तुम्हाला कुठून काढू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोहियोद्दीनभाईंनी चपला बाहेर काढल्या आणि खाली बघत, जपून पाऊल टाकत विचारलं, "ताई, इतक्या गाई आत शिरल्या, आम्हाला जागा उरली का?"

सोनिया इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. अप्पा म्हणाले, "आधी वाटलं पोलिसांनीच नाकाबंदी केली. मग बघतो तर सरिताबाईंनी!"

एरवीपेक्षा निम्मीच माणसं होती. सगीराभाभींनी कुराणातल्या चार ओळी वाचल्या, मग त्यांचा अर्थ मराठीत सांगितला. आम्ही शांत बसलो. बाहेर पोलिसांची गाडी भोंगा वाजवत गेली तेव्हा सोनियानं माझा हात धरला, आणि गाडी गेल्यावरही सोडला नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही फाटकाशी थांबलात, माझ्या रांगोळीवर पाय दिला नाहीत, याचे आभार. आणि मग आत आलात, याचे त्याहून जास्त."

उठताना अप्पांनी विचारलं, "पुढच्या रविवारी कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत भिंतीवरून आवाज आला. आवडाबाई अजून तिथंच होत्या.

"कुठं म्हणजे? इथंच की. पण चहा माझ्याकडचा. हिचा लई पाणचट असतो."