आईचं नाव

इब्तिहालने याहियाची कॉलर धरून त्याला मागे ओढलं, तेव्हा त्याच्या खाली दबलेल्या पोराच्या नाकातून रक्त येत होतं. बाकीची मुलं गराडा घालून उभी होती. याहियाचा जिवाभावाचा मित्र करम बाजूला उभा राहून रडत होता.

“काय केलं रे त्याने तुझं?”

“माझं काही नाही, मिस. करमच्या आईचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर.”

अलेक्झांड्रियातल्या पोरांना एक वेळ शिवी चालते, पण आईचं नाव चारचौघांत घेतलेलं चालत नाही; तिला ‘उम्म अमका’, म्हणजे अमक्याची आई, एवढंच म्हणायचं. मिसरूड फुटायच्या आधीच ती हे नाव जपायला शिकतात. शाळेच्या कचेरीत प्रवेशाचं काम बघणाऱ्या इब्तिहालने अशी भांडणं पुष्कळ सोडवली होती. आज तिला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं.

“तुला कुठून कळलं तिचं नाव?” तिने रक्त पुसणाऱ्या पोराला विचारलं.

“सगळ्यांकडे आहे, मिस. मोबाइलवर आलंय. अख्ख्या शाळेचं.”

त्याने खिशातून मोबाइल काढला. इब्तिहालने स्वतःच्या हाताने कम्प्युटरमध्ये भरलेली सगळी माहिती त्यात होती. प्रत्येक मुलाचं पणजोबापर्यंतचं नाव, आईचं नाव, मूळ गाव, राहता पत्ता. ती तडक मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाली.

मुख्याध्यापक अदली दार लावून बसले होते.

“पैसे द्या, नाहीतर माहिती बाहेर टाकू, अशी चोरांची धमकी मागच्याच आठवड्यात आली होती,” ते म्हणाले. “मला वाटलं, नुसता पोकळ दम आहे.”

“पालकांना आत्ताच्या आत्ता कळवायला हवं, उस्ताज.”

“आणि उद्या निम्मी शाळा रिकामी? कुणी विचारलंच तर सांगा, कम्प्युटरची दुरुस्ती चालू आहे.”

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?”

“उजाडेल तेव्हा बघू. तुम्ही कुणाला फोन करायचा नाही.”

तिने फोन केला नाही. शाळा सुटल्यावर मुलांची पांगापांग होईपर्यंत तिला थांबावं लागलं, आणि मग ती पर्स उचलून निघाली. तिच्या डोळ्यांपुढे एकच घर होतं. दोन वर्षांपूर्वी याहियाची आई विदाद प्रवेशासाठी आली होती, तेव्हा पत्ता सांगण्याआधी तिने विचारलं होतं, हा पत्ता तुमच्यापाशीच राहील ना? इब्तिहालने दोन्ही डोळ्यांना बोटं लावून शब्द दिला, तेव्हा विदादने सगळं सांगितलं होतं. विदादच्या नवऱ्याला दक्षिणेकडे, नाईलच्या वरच्या मुलखातल्या त्यांच्या गावात गोळी घालून मारलं होतं. मारणारा पुढे तुरुंगात मेला. पण सूड उगवल्याशिवाय ते घर कुणाचं सांत्वनसुद्धा स्वीकारणार नव्हतं. आता दीर याहिया मोठा व्हायची वाट बघत होते. मारणाऱ्याचा मुलगा हुडकायचा आणि याहियाच्या हातात बंदूक द्यायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. म्हणून विदाद पोराला घेऊन पळाली होती. बाप ट्रकखाली सापडून गेला, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं.

जिना चढताना मागून पुरुषाची पावलं वाजू लागली. इब्तिहाल भिंतीला चिकटून उभी राहिली. हातात पावाची पिशवी घेतलेला एक म्हातारा सलाम करून वर गेला. तो वळणाआड गेल्यावरच ती पुढे चढली.

विदादने साखळी न काढता दार किलकिलं केलं, मग तिला ओळखून आत घेतलं. कोपऱ्यात एक गाठोडं बांधून ठेवलं होतं आणि दुसरं अर्धवट भरलं होतं.

“म्हणजे कळलं तुम्हाला,” इब्तिहाल म्हणाली. “उम्म याहिया, मला माफ करा. मी शब्द दिला होता. पण हजारो नावं आहेत त्यात. तुमच्या दिरांना एवढ्यात कुठलं सापडतंय?”

“सापडेल. मला सापडलं की.”

“काय सापडलं?”

विदादने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

“पोरगा ओठ फोडून घेऊन घरी आला. विचारलं तर म्हणे, करमच्या आईला फिकरिया म्हणाले. आमच्या गावात एकच फिकरिया होती, मिस. आम्ही एका भट्टीवर रोट्या भाजायचो. तिच्या नवऱ्याने माझा नवरा मारला.” तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. “शेजारणीच्या मोबाइलवर बघितलं. गाव तेच, खानदान तेच. दोन वर्षं तिचा पोरगा माझ्या ताटात जेवतोय. तीही माझ्यासारखीच लपून बसली असणार.”

इब्तिहाल गाठोड्यापाशी खाली बसली. दोन्ही मुलं नवी, दोघंही वरच्या मुलखातली, एकमेकांना सोबत होईल, म्हणून त्यांना एका बाकावर तिनेच बसवलं होतं.

“दीर मला शोधत येतील तेव्हा दोघंही त्यांना शेजारी शेजारी मिळतील,” विदाद म्हणाली. “एकाच्या हातात बंदूक द्यायची, दुसऱ्याला समोर उभं करायचं. फार लांब जायला नको त्यांना.”

आतून दोन पोरांचं खिदळणं ऐकू आलं. इब्तिहालने चमकून वर बघितलं.

“तोच आहे,” विदाद म्हणाली. “याहियाचं दप्तर घेऊन आला. जेवायला वाढलंय.”

तिने दार उघडून हाक मारली. करम बोटं चाटतच बाहेर आला, त्याच्या मागून सुजलेल्या ओठाचा याहिया. विदादने करमला जवळ ओढलं. मग तिने त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.

“घरी जा, बेटा. आणि आईला माझं नाव सांग.”

करमने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले. “नाव, खाला?”

“विदाद. विदादने सांगितलंय, तिनेही मोबाइलवर आलेली ती फाइल बघावी. आजच.”

करमने विचारल्यासारखं याहियाकडे बघितलं.

“घे रे, तुला चालतं,” याहिया म्हणाला. “पण आणखी कुणाला सांगितलंस तर बघ.”

“शपथ.”

“वाटेत खेळत बसू नकोस,” विदाद म्हणाली. “थेट घरी जा.”

करम उड्या मारत जिना उतरला. याहियाला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. तो गॅलरीत धावला. इब्तिहाल उठली आणि तिने अर्धवट भरलेल्या गाठोड्याची दोन टोकं विदादच्या हातात दिली.

“करम!” याहिया गॅलरीतून ओरडला. “उद्या लवकर पोचलास तर खिडकीची जागा धर!”

“धरतो!” रस्त्यावरून आवाज आला.