कुंपणाबाहेरचा धाकटा

मी पेंड्रींच्या टेकडीवरचा थडग्याचा दगड बोलतोय. हो, तोच, कुंपणाबाहेरचा म्हणून ओळखतात तो, देवदाराच्या मुळावर रेललेला. येणारे-जाणारे मला वाकडा म्हणतात. दोनशे वर्षं एका जागी उभं राहून दाखवा म्हणावं, मग बघू कोण सरळ राहतंय ते.

मी मूळचा खालच्या ओढ्यातला. थोरल्या अँब्रोज पेंड्रीने मला बैलाच्या मागे बांधून ओढत वर आणलं. हा थोरला म्हणजे पेंड्रींचा मूळपुरुष. टेनेसीच्या या डोंगरात रान तोडून, ओंडक्यांवर ओंडके रचून त्याने पहिलं घर उभं केलं. त्याच्या आधी इथे चेरोकी आदिवासींची वहिवाट होती, पण त्यांची नावं पेंड्रींच्या वंशावळीत कोण शोधतंय!

थोरल्याने मला अंगणात आडवा घातला आणि तीन दिवस छिन्नी चालवली. धाकटा अँब्रोज तापाने गेला होता, त्याच्यासाठी. थोरल्याचा हात कुऱ्हाडीला सरावलेला, लिहिण्याच्या नावाने बोंब. चार अक्षरं कोरायचा, बाहीने नाक पुसायचा, पुन्हा ठोकायला लागायचा. आणि अंदाजही साफ चुकला. वर ‘अँ. पेंड्री, ज्युनियर’ असं ऐसपैस कोरून बसला आणि उरलेलं सगळं तळाशी दाटीवाटीने कोंबलं.

मग काय, मी वजनदार, टेकडीची माती भुसभुशीत. दर दहा वर्षांनी बोटभर खचत गेलो. थोरल्याची नातवंडं म्हातारी होईपर्यंत माझ्या तळच्या ओळी मातीत गेल्या होत्या. दगडाला तोंड एकच, त्याची अक्षरं. माझं अर्धं तोंड मातीत गेलं आणि लोकांना मोकळं रान मिळालं.

झालं असं, की कोणीतरी कचेरीत जाऊन थोरल्याचं मृत्युपत्र वाचलं. त्यात सहा मुलांची नावं, पण अँब्रोज कुठेच नाही! ज्युनियर म्हणजे मुलगा, आणि मुलगा असून नाव नाही म्हणजे बापाने हाकललेला, असा हिशेब मांडून लोक मोकळे झाले. का हाकलला, ते ज्याने त्याने आपापल्या आवडीप्रमाणे ठरवलं. कोणी म्हणे घोडा चोरला, कोणी म्हणे शेजाऱ्याची बायको पळवली. अहो, तो बिचारा घोड्याला भ्यायचा!

१९११ साली थोरल्याच्या वंशजांनी थडग्यांना कुंपण घातलं आणि मला बाहेर ठेवलं. धाकट्याचं कुळ मग माझ्याच भोवती निजत गेलं. दर मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी सगळे पेंड्री गवत काढायला, थडग्यांवर फुलं वाहायला वर येतात आणि इथेच जेवतात. पण जेवणाची टेबलं दोन. एक कुंपणाच्या आत, एक बाहेर. आतल्या मुलाचा चेंडू बाहेर आला तर तो परत जातो, पण बाहेरच्या ताटातला घास आत जात नाही. शंभर वर्षं हेच बघत आलोय. वीट आला होता मला.

आता व्हर्नाबद्दल सांगतो. व्हर्ना धाकट्याची खापरपणती, वय चौऱ्याऐंशी. तिचे आईवडील माझ्या डाव्या अंगाला आहेत. सुक्या सफरचंदांचा थराथरांचा केक तिच्यासारखा या डोंगरात कोणी करत नाही, आणि जीभही तिच्याइतकी तिखट कोणाची नाही. यंदा जुनं कुंपण काढून लोखंडी घालायचं ठरलं. खांब मेमधल्या रविवारनंतरच्या आठवड्यात रोवायचे होते, जुन्याच रेषेवर. तशी ती म्हातारी हबकली.

“जोलीन,” ती भाचीला म्हणाली, माझ्याच डोक्यावर हात ठेवून, “लाकडाचं कुंपण कुजतं गं, लोखंडाचं काही कुजायचं नाही. मी हाकललेल्याची पोर म्हणून जन्मभर ऐकून घेतलं. आता मेल्यावरही बाहेरच का?”

जोलीन गावातल्या वाचनालयात काम करते. पन्नाशीची आहे, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की जेवणाची शुद्ध नसते. सहा महिने तिने कचेरीतले जुने कागद चाळले आणि त्या रविवारी एक नक्कल घेऊन तरातरा टेकडी चढली. सरळ आतल्या टेबलापाशी गेली. सगळे चमचे थांबले.

आतल्यांचा कारभारी म्हणजे वेंडेल पेंड्री, थोरल्याच्या थेट वंशातला. माणूस वाईट नाही, पण हेकट.

“वेंडेलकाका, ही १७९८ची गावरक्षकांची यादी. अठरा पुरी झाल्याशिवाय यात नाव चढत नसे. ह्यात अँब्रोज दोन आहेत, सीनियर आणि ज्युनियर.”

“मग? बाप आणि लेक.”

“तुमच्या थोरल्याचा जन्म कधीचा?”

“१७६९. हे काय, त्याच्या दगडावर आहे.”

“म्हणजे तेव्हा तो एकोणतीसचा. आणि लेक निदान अठराचा. काका, अकराव्या वर्षी बाप झाला होय हो तुमचा मूळपुरुष?”

बाहेरच्या टेबलावरून व्हर्ना ओरडली, “भारीच पराक्रमी होता म्हणायचा!”

आतली बायकामंडळी पदर नसताना तोंड कुठे लपवू, अशा बेताने हसली. वेंडेल लाल झाला.

जोलीन समजावत म्हणाली, “त्या काळी एका गावात एका नावाची दोन माणसं असली, की मोठ्याला सीनियर म्हणत, लहानाला ज्युनियर. थोरला आणि धाकटा, एवढंच. बाप-लेक असायलाच हवेत असं नाही. आपण आजचा अर्थ त्यांच्या गळ्यात बांधला.”

“कारकुनाने घोळ घातला असेल,” वेंडेल म्हणाला. “कागदाचं काय सांगावं! दगडावर असेल तर मानीन. रेष हलवीन कुंपणाची.”

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोनशे वर्षांत पहिल्यांदा! माझ्या अंगावरचं शेवाळसुद्धा शहारलं असेल.

वेंडेल तारेचा ब्रश घेऊन आला. जोलीनने तो हिसकावून घेतला. “थोरल्याची अक्षरं खरवडून काढता की काय? पाणी आणा आणि लाकडी उलथनं आणा.” तिने माझ्या पायाशी गुडघे टेकले आणि हलक्या हाताने माती काढायला घेतली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! हातभर खड्डा झाला. अक्षरं होती, पण झिजलेली, वाचवेनात. तेव्हा तिने गाडीतून एक मोठा आरसा आणला आणि ऊन धरून माझ्या अंगावर तिरकं सोडलं. खाचांत सावली भरली. एकेक अक्षर उठून उभं राहिलं.

“तुम्हीच वाचा, काका.”

वेंडेलने चष्मा लावला. मांडी घालून बसला खाली, चांगल्या कपड्यांनिशी.

“‘वय ४४. मेला १८२२.’” तो बोटांवर मोजायला लागला. “म्हणजे जन्म अठ्ठ्याहत्तरचा. थोरला तेव्हा... नऊ वर्षांचा.” या वेळी कोणी हसलं नाही. त्याने पुढे वाचलं. “‘भावाचा पोर.’” आणि तो पुढच्या अक्षरांवर बोट फिरवत राहिला.

“अरे वाच की पुढे,” व्हर्ना म्हणाली.

“‘मी वाडवला. अँब्रोज, थोरला.’” वेंडेलने चष्मा काढला. “‘वाडवला’ लिहिलंय. ढ कुठला येतोय त्याला! आमच्या घरात अजून कोणाला शुद्ध लिहिता येत नाही.” आणि एवढं बोलून तो सहा फुटी माणूस बाहीने नाक पुसायला लागला. अगदी तस्साच! मी ओळखलं ना. ही बाही माझ्या ओळखीची.

कोणी हाकललं नव्हतं. आईबापाविना पोर काकाने पोटाशी धरला, आपल्या हाताने पुरला, आपल्या हाताने त्याचा दगड कोरला. मी हे सगळं जाणून होतो आणि मला बोलता येत नव्हतं.

कुंपणाची रेष हलवायची म्हणत होते, पण तेही कोणाला पुरेना. शेवटी मधली बाजूच काढली आणि नवे खांब पार ओढ्याकडच्या उतारापर्यंत रोवले. टेबलं त्याच दिवशी जोडली. वेंडेलने केकचे तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, “माझ्या जन्माची शहात्तर वर्षं फुकट घालवली की हो!”

व्हर्नाने आईशेजारची जागा पावलांनी मोजून बघितली. “पुरते मला,” म्हणाली.

“इतक्यात नाही, व्हर्नाताई,” वेंडेल म्हणाला. “पुढच्या वर्षीचा केक कोण करणार?”

आता मी आत आहे. जोलीनने मला हातभर वर उचलून खडीवर बसवलंय. वाकडा आहे तो आहेच, पण तोंड मोकळं आहे. ऊन तिरकं झालं की कोणी ना कोणी येऊन तळची ओळ वाचतं.

जाता जाता एकच मागणं. तुमच्या माणसांची नावं कुठे कोराल, लिहून ठेवाल, तर कोण कोणाचा हेही लिहा. आणि वाढवला असेल तर तेवढं सगळ्यात वर लिहा. ढ चुकला तरी चालेल.